गाऱ्हाणं

फुरसं दिसायला अगदी मामुली असतं. लांबीला फार तर हातभर, रंगाने मातकट, डोक्यावर बाणाच्या आकाराची फिकट खूण आणि अंगावर दोन्ही बाजूंनी नागमोडी रेघ. कातळावर, जांभ्याच्या चिऱ्यांच्या फटीत, वाळलेल्या पातेऱ्यात ते असं मिसळून जातं की हात किंवा पाय त्याच्या जवळ जाईपर्यंत कळत नाही. डिवचलं की ते आपली वेटोळी एकमेकांवर घासतं आणि त्यातून खरखर आवाज येतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या सड्यांवर ते पूर्वीपासून आहे. इंग्रजी अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं मारून आणणाऱ्याला इनाम मिळत असे. लाखांनी फुरशी मारली गेली, तरी ती संपली नाहीत.

मला ते मे महिन्याच्या शेवटी चावलं. मिरगाच्या आधी लाकडं पडवीखाली घ्यायची असतात. गडगा दुरुस्त करून उरलेले चिरे लाकडांच्या आड पडले होते, ते बाजूला करत होते. तिन्हीसांजेची वेळ होती. उजव्या हाताच्या करंगळीच्या मुळाशी कोणीतरी पेटती काडी टेकवल्यासारखं झालं, आणि खाली पाहिलं तर ते चिऱ्याच्या कडेने तिरकं सरकत निघालं होतं. रक्ताचे दोन बारीक थेंब आले. बस, एवढंच. मरणाची सुरुवात इतकी किरकोळ असू शकते हे त्या क्षणी मनाला पटतच नव्हतं.

घरात मी एकटीच असते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. मुलगा पुण्यात, मुलगी मुंबईत. यजमान २०२१च्या मे महिन्यात करोनाने गेले. ते रुग्णालयात होते तेव्हा मी आमच्या सातेरीदेवीला ओटी बोलले होते. खणा-नारळाची ओटी घेऊन येईन, यांना घरी आण, इतकंच मागितलं होतं. ते आले नाहीत. त्यानंतर मी देवळाची पायरी चढले नाही. पालखी दारात आली की मुलांपैकी कोणीतरी पुढे व्हायचं आणि मी स्वयंपाकघरात थांबायचे. गावाने कधी त्याबद्दल मला विचारलं नाही, याचं मोल मला पुढे कळलं.

हाक मारली तशी शेजारची माणसं धावून आली. एका वयस्क बाईंनी पलीकडच्या गावातल्या विष उतरवणाऱ्याचं नाव घेतलं. त्या वाईट हेतूने बोलल्या नाहीत. त्यांच्या लहानपणी दवाखाना दिवसभराच्या वाटेवर होता आणि मांत्रिक हाकेच्या अंतरावर. कडुनिंबाचा पाला खायला द्यायचा, कडू लागला तर विष नाही म्हणायचं, नाही लागला तर मंत्र सुरू करायचा, हेच त्यांनी पाहिलं होतं. आणि मांत्रिकाकडून माणसं बरी होऊन येतही असत, कारण आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. ज्याच्या अंगात विष गेलेलंच नाही त्याला कोणीही बरं करतं. ज्याच्या अंगात गेलं आहे त्याचा मात्र तिथे वेळ जातो.

शेजारचा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा असेल. तो एवढंच म्हणाला, “बाईनु, हात हलवू नकात. आधी दवाखान्यात जावया.” हाताला सूज येणार हे त्याला ठाऊक होतं. त्याने आधी माझ्या बोटातली अंगठी काढली. ती यजमानांनी दिलेली होती आणि ते गेल्यापासून मी ती बोटातून काढली नव्हती. मग बांबूची कामटी हाताखाली धरून ओढणीने सैल बांधली, मोडलेल्या हाताला बांधतात तशी. आवळून काही बांधलं नाही, जखम कापली नाही, तोंड लावून चोखली नाही. साप मारायला धावणाऱ्यांनाही त्याने थांबवलं. १०८ला फोन झाला होता, पण गाडी यायला वेळ लागेल असं दिसलं तेव्हा त्याने मला मोटारसायकलवर मधे बसवलं आणि मागे त्याची बहीण मला धरून बसली. हे सगळं कुठे शिकला असं नंतर विचारलं, तर आशाताईंनी वाडीच्या बैठकीत सांगितलं होतं म्हणाला. त्या बैठकीला तो चहासाठी थांबला होता.

ग्रामीण रुग्णालयात पोचलो तोवर हात कोपरापर्यंत सुजला होता. डॉक्टर वयाने माझ्या शेवटच्या शेवटच्या विद्यार्थ्यांएवढे. बंधपत्रित सेवेवर आलेले, दूर विदर्भातले. त्यांनी रक्त काढून काचेच्या एका कोरड्या, स्वच्छ नळीत ओतलं, नळी टेबलावर उभी ठेवली आणि घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं तिला कोणी हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी ती एकदाच तिरकी करून बघायची. रक्त गोठलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष अंगात भिनलं आहे. नळी काचेचीच लागते, कारण काचेच्या स्पर्शाने रक्त गोठायला लागतं, प्लॅस्टिकने तसं होत नाही. जगभरातल्या खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत ही चाचणी वापरतात. तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. वाट पाहणारं माणूस मात्र लागतं.

ती वीस मिनिटं मी नळीकडे बघत पडून होते. फुरशाचं विष रक्तात शिरलं की रक्त गोठवणारी द्रव्यं भराभर वापरून संपवतं. मग जिथे जखम आहे तिथून, आणि जिथे नाही तिथूनही रक्त येऊ लागतं: हिरड्यांतून, नाकातून, लघवीतून, कधी मेंदूत. त्या वेळी मला यातलं काही माहीत नव्हतं. जिभेला खारट लागत होतं एवढंच कळत होतं. डॉक्टरांनी नळी उचलली, तिरकी केली, आणि रक्त कडेपर्यंत वाहत आलं. त्यांनी मला खोटं सांगितलं नाही. म्हणाले, “बाई, विष आहे. औषधही आहे. आत्ताच सुरू करू.”

औषध छोट्या बाटल्यांत पांढऱ्या भुकटीच्या रूपात असतं. त्यात पाणी घालून ते विरघळवायचं, पण बाटली हलवायची नाही, फेस होतो. रात्रपाळीच्या सिस्टर एकेक बाटली दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू फिरवत होत्या. पहिल्या मात्रेलाच आठ-दहा बाटल्या लागतात, म्हणजे त्यांनी किती वेळ ते केलं असेल. शेजारच्या ट्रेमध्ये अॅड्रेनॅलिन भरलेली सिरिंज तयार ठेवली होती, कारण हे औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं आणि माणसाचं शरीर कधी कधी त्यालाच झिडकारतं. माझ्या अंगावर गांध्या उठल्या, छाती भरून आली, ती सिरिंज लागली. नंतर सलाइन पुन्हा हळू सुरू झालं. सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा पातळ रक्त, पुन्हा औषध. पहाटेनंतरच्या नळीत रक्त गोठलं. सिस्टरांनी ती नळी माझ्यासमोर उलटी धरली. तळाशी घट्ट बसलेला तो काळपट गोळा बघून मला रडू आलं.

बरी झाल्यावर मी जे मिळेल ते वाचत गेले. शिक्षिकेला ही खोड असतेच, पण त्यापलीकडेही एक ओढ होती. माझ्या शिरेत जे गेलं ते आलं कुठून, हे मला जाणून घ्यायचं होतं. तामिळनाडूत महाबलीपुरमजवळ वडनेम्मेली इथे इरुला आदिवासींची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे, १९७८ साली सुरू झालेली. पूर्वी इरुला कातड्यासाठी साप पकडायचे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर आणि पुढे कातड्याच्या निर्यातीवर बंदी आल्यावर त्यांचं पोट बंद झालं. रोम्युलस व्हिटेकर यांच्या मदतीने त्यांनी ही संस्था उभी केली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार साप ते पकडतात, मातीच्या मडक्यांत काही आठवडे ठेवतात, विष काढतात आणि साप पुन्हा रानात सोडतात. देशातलं औषध बनवायला लागणारं बरंचसं विष वर्षानुवर्षं इथूनच गेलं आहे. त्यांच्यातल्या मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल या दोघांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

ते विष अगदी थोडं थोडं करून घोड्यांना टोचतात. घोडा आजारी पडत नाही, पण त्याचं रक्त त्या विषाशी लढायला शिकतं. मग त्याचं रक्त काढून त्यातला पातळ भाग वेगळा करतात, शुद्ध करतात, आणि गोठवून, सुकवून त्याची भुकटी करतात. भुकटी असल्यामुळे ती फ्रीजशिवायही टिकते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज दोन-दोन दिवस नसते, तिथे हा गुण केवढा मोठा आहे! ही वाट पहिल्यांदा दाखवणाऱ्यांत आल्बेर काल्मेत हे फ्रेंच डॉक्टर होते. १८९१च्या सुमारास ते सायगावला होते, तिथे नाग चावून माणसं मेल्याचं त्यांच्यासमोर आलं आणि पुढल्या काही वर्षांत त्यांनी घोड्यांच्या रक्तातून औषध काढलं. बीसीजी लशीच्या नावातही हेच काल्मेत आहेत. आमच्या वाडीतल्या प्रत्येक बाळाच्या दंडावर ती लस टोचली जाते. आपल्या मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेचं नावही या औषधाशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेलं आहे. ती संस्था ज्यांच्या नावाने आहे त्या वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती.

आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. आमच्या लहानपणी लाल विंचू चावलेलं मूल रात्र काढील की नाही सांगता येत नसे. बावस्कर १९७०च्या दशकात रायगडातल्या आरोग्य केंद्रात आले आणि विंचू चावलेल्या मुलांच्या खाटेशी रात्र रात्र बसून राहिले. नेमकं काय होऊन ती मरतात हे त्यांनी टिपून ठेवलं. हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं हे ओळखून त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी वापरली. मृत्यू झपाट्याने कमी झाले आणि कोकणातल्या एका खेड्यातलं हे काम ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात छापून आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या वर्गात विंचू चावून वाचलेली मुलं बसायची. त्यांच्या हजेरीमागे महाडच्या एका खाटेशी जागून काढलेल्या रात्री होत्या, हे मला तेव्हा माहीत असतं तर मी त्यांना तो धडा शिकवला असता.

आणखी एक गोष्ट वाचली आणि पुस्तक मिटून बसून राहिले. हृदयविकाराच्या झटक्यात देतात ते टिरोफिबान नावाचं औषध फुरशाच्याच विषातल्या एका घटकाचा अभ्यास करून घडवलेलं आहे. माझं रक्त ज्या विषाने पातळ केलं, त्याच विषातून शिकून कोणाच्या तरी हृदयातली गुठळी रोखली जाते. फुरशाबद्दलचा माझा राग त्या दिवशी ओसरला. भीती मात्र अजून आहे.

आता मला ज्याबद्दल बोलायचं आहे त्याबद्दल बोलते. त्याच वॉर्डात दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगा आणला. आठ-नऊ वर्षांचा. आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातला. बागेतल्या खोपीत सगळे जमिनीवर झोपलेले. पहाटे तो पोट दुखतं म्हणून उठला. आईने ओवा दिला. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, बोलणं जड झालं, तेव्हा बागमालकाच्या टेम्पोतून त्याला आणलं. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावल्याचं बहुधा दुखतही नाही आणि खूणही नीट दिसत नाही. तिचं विष नसांवर जातं, श्वासाचे स्नायू बंद पाडतं. डॉक्टरांनी ओळखलं, औषध लावलं, फुगा दाबत दाबत मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तो वाटेतच गेला. संध्याकाळी त्याची आई खोपीतलं सामान घ्यायला चालली होती, ती वॉर्डाच्या दारात उभी राहून सिस्टरांना नमस्कार करून गेली. तिला आमची भाषा येत नव्हती.

मला घरी सोडलं तेव्हा गावातली माणसं भेटायला येत होती. जो तो म्हणायचा, सातेरीने राखलं. म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. गुरवकाका म्हणाले, “तुमच्या नावान गाऱ्हाणां घातलां हो त्या रात्री.” मी रुग्णालयात होते तेव्हा वाडीतली माणसं रात्रीच देवळात जमली होती. जिने तीन वर्षं देवळाकडे पाठ फिरवली होती तिच्यासाठी. कोणी कुजबुजलं नव्हतं, कोणी माझा हिशेब काढला नव्हता.

पण “सातेरीने राखलं” हे वाक्य माझ्या घशाखाली उतरेना. मला राखलं तर त्या मुलाला का नाही? त्याच्या आईला मी हे कुठल्या तोंडाने सांगू? आणि २०२१मध्ये माझ्या घरातलं माणूस का नेलं? देव निवडून निवडून वाचवतो असं मानलं, तर तो देव मला नको. मला तेव्हाही नको होता आणि आता, वाचल्यावर तर अधिकच नको आहे. वाचलेल्या माणसाने या बाबतीत फार सांभाळून बोलावं असं मला वाटतं, कारण आपण ज्याला कृपा म्हणतो ते शेजारच्या खाटेवरच्या आईला ऐकू जात असतं.

हात बरा व्हायला वेळ लागला. करंगळीची कातडी गेली, फोड आले, सूज हळूहळू उतरली. उजवा हात निकामी म्हणजे सगळंच अडलं. शेजारच्या मुलीने माझी वेणी घातली, न्हाऊ घातलं, भाकरीचा घास मोडून दिला. आयुष्यभर मी देणाऱ्या बाजूला उभी होते. शिकवायचं, समजवायचं, वाटायचं. घेणं किती जड असतं आणि देणाऱ्याने ते किती हलकं करावं लागतं हे मी त्या पोरीकडून शिकले. ती काही न बोलता, गाणं गुणगुणत, माझे केस विंचरायची.

आमची सातेरी वारुळाच्या रूपात आहे. तळकोकणात आणि गोव्यात अशी बरीच देवळं आहेत. गाभाऱ्यात मातीचं वारूळ, त्यावर चांदीचा मुखवटा. लहानपणापासून मी ते पाहिलं होतं, पण त्याचा विचार केला नव्हता. वारूळ म्हणजे ज्यात साप राहतो ते. आमच्या पूर्वजांनी सगळ्यात भीतीच्या जागीच देवी पाहिली. ही जमीन आपल्या एकट्याची नाही, इथे सापही राहणार आणि माणसंही राहणार, हे त्यांनी गाभाऱ्यात मांडून ठेवलं आहे. अशी देवी कोणाला निवडून वाचवत नसेल. तिच्यासमोर जमणाऱ्यांनी एकमेकांना वाचवायचं असतं. मला जी श्रद्धा परत मिळाली ती ही आहे. ती पहिलीपेक्षा लहान असेल, पण तिच्यात त्या मुलाच्या आईलाही जागा आहे.

मला फुरसं चावण्याच्या कितीतरी आधीपासून माझ्यासाठी कोणी काम करत होतं. इरुलांनी रानात साप धरला होता, कोणी घोडा सांभाळला होता, कोणी बाटली सीलबंद केली होती, आशाताईंनी दहा-बारा माणसांपुढे न कंटाळता बोलणं पूर्ण केलं होतं. यातल्या कोणालाही माझं नाव ठाऊक नव्हतं. प्रार्थनेने मागतो ते याहून वेगळं काय असतं? न पाहिलेल्या माणसाचं भलं व्हावं म्हणून आज आपलं काम नीट करणं, याला मी आता भक्ती म्हणते, आणि पूर्ण जाणून म्हणते.

पाऊस सुरू झाल्यावर मी देवळात गेले. यजमानांसाठी बोललेली ओटी तशीच राहिली होती, ती भरली. काही मागण्यासाठी भरली नाही. त्यांच्या नावाने द्यायची राहून गेलेली वस्तू दिली, इतकंच. मग गुरवकाकांना म्हटलं, गाऱ्हाण्यात गावातल्यांचं नाव येतं, मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांचं येतं, गुराढोरांचं येतं. बागांत राखणीला, चिऱ्यांच्या खाणींवर, रस्त्याच्या कामावर परक्या मुलखातून आलेली माणसं आणि त्यांची पोरं आहेत, त्यांचंही येऊ दे. काका क्षणभर थांबले. मानकऱ्यांकडे पाहिलं. मग डोळे मिटून त्यांनी नेहमीच्या संथ सुरात गाऱ्हाणं घातलं, आणि त्यात जे कोणी पोटासाठी या गावात येऊन राहिले आहेत त्यांना उजेड दाखव, वाटेतलं जनावर बाजूला कर, असं म्हटलं. सगळ्यांनी एका आवाजात “होय महाराजा” म्हटलं. मीही म्हटलं. शब्द तोंडातून निघाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा होकार देवीचा नसतो, तो आपण द्यायचा असतो, आणि एकदा दिला की पाळायचा असतो.

म्हणून आता आशाताईंबरोबर मीही बागांतल्या खोपींवर जाते. सांगायचं फार नसतं. जमिनीवर झोपू नका. झोपावंच लागलं तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली घट्ट खोचा, मण्यार आत येत नाही. रात्री बाहेर पडताना विजेरी घ्या. लाकडं, चिरे, पातेरा यांत उघडा हात घालू नका. पहाटे पोट दुखून उठलेल्या, पापण्या जड झालेल्या मुलाला घरगुती औषध देत बसू नका. गावाने वर्गणी काढून मच्छरदाण्या घेतल्या, त्या खोपींवर वाटल्या. बागमालकांनीही पैसे दिले, एका-दोघांनी तर न मागता.

आकडे सांगते, कारण ते सांगायला हवेत. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले बहुतेक खेड्यातले, निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरातले, आणि चौथा हिस्सा पंधरा वर्षांखालच्या मुलांचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाची गणना दुर्लक्षित आजारांत केली आणि २०३०पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. औषध सव्वाशे वर्षांपासून आहे. माणसं मरतात ती औषध आणि माणूस यांच्यामधल्या अंतरामुळे.

तुम्ही खेड्यात राहत असाल, किंवा तुमचं कोणी खेड्यात राहत असेल, तर मिरगाच्या आधी एकदा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारा. सर्पदंशाचं औषध आहे का, किती बाटल्या आहेत, त्यांची मुदत संपलेली नाही ना, रात्री डॉक्टर कोण असतो. नसेल तर ग्रामसभेत उभं राहून मागा. आणि कोणाला साप चावला, तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. अंगठ्या-बांगड्या काढा, तो भाग हलू देऊ नका, १०८ला फोन करा, आणि मिळेल त्या गाडीने सरळ दवाखाना गाठा.